चेहऱ्यावरची छिद्रे आणि आजीचे वण

शिरूर अनंतपाळच्या आमच्या घरात दोन आरसे आहेत. पहिला ओसरीच्या खांबाला टांगलेला, कडेचा पारा उडालेला. वडील त्यात बघून दाढी करायचे, आम्ही बहिणी त्यात बघून वेणी घालायचो. चेहरा कसाबसा ओळखू यावा एवढेच त्याचे काम. दुसरा आरसा गेल्या दोन-तीन वर्षांतला, लातूरला शिकायला असलेल्या माझ्या भाचीने आणलेला. गोल, हातात मावणारा. त्याची एक बाजू साधी आणि दुसरी चेहरा कितीतरी पट मोठा करून दाखवणारी.

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले, तेव्हा भाची हा दुसरा आरसा घेऊन उजेडात बसली होती. अंगणात सोयाबीनची पोती रचलेली, घरात फराळाची गडबड आणि ही सकाळपासून स्वतःच्या नाकाशी.

“आत्या, हे बघ की, कसली भोकं पडल्यात!”

मी पाहिले. नाक होते. एकोणीस वर्षांच्या निरोगी मुलीचे असावे तसे, थोडे तेलकट नाक. चाळिशीचा चष्मा लावून पाहिले, तेव्हा नाकपुड्यांपाशी आणि गालांवर बारीक बारीक ठिपके दिसले. संत्र्याच्या सालीवर असतात तसे.

“काय बघायलीस गं सकाळपासून? तोंड हाय तिथंच हाय की!” आतून आमची आई, म्हणजे तिची आजी म्हणाली. सगळे हसले. भाची मात्र हसली नाही.

तेव्हाच मला कळायला हवे होते. तुळशीचे लग्न झाले की महिनाभरात घरात एक लग्न होते. लग्नात फोटो निघणार होते, पाहुणेमंडळी येणार होती. “तुझीही बारी जवळ आली गं,” असे येता-जाता तिला ऐकवले जात होते. आपल्याकडे मुलगी बारावीत कितीही गुण मिळवो, लातूर पॅटर्नमध्ये रात्री जागवून तिने कितीही पुस्तके पालथी घातलेली असोत, पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन जाताना तिचा चेहराच आधी वाचला जातो. हे तिला कुणी शिकवले नव्हते. तिने पाहिले होते.

आठ दिवसांची जादू

लग्नात भाचीचा चेहरा खरोखरच उजळला होता. गाल गुळगुळीत, नाकावरचे ठिपके नाहीसे. बायका विचारत होत्या, “काय लावतीस गं?” ती नुसती हसत होती. नंतर कळले, की मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने एका दुकानातून एक लहानशी ट्यूब आणली होती. चिठ्ठी लागली नाही, कुणी काही विचारले नाही. किंमतही बेताची. आठ दिवसांत फरक पडला, म्हणून तिने ती सुरूच ठेवली. एक संपली की दुसरी.

शिमग्याच्या सुमारास तिचा फोन आला, तो रडतच. चेहरा लालबुंद झाला होता. उन्हात गेले की आग आग व्हायची. गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ उठले होते आणि ओठांच्या वर लव दाट झाली होती. घाबरून तिने ट्यूब बंद केली, तर दोन दिवसांत चेहरा आणखी सुजला. पुन्हा लावली, तर बरे वाटले. “आत्या, ती लावल्याशिवाय आता राहताच येईना,” ती म्हणाली. व्यसनाबद्दल माणसे बोलतात, तसे ते वाक्य होते.

मी तिला घेऊन लातूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चेहऱ्याकडे एकदाच पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “ट्यूब आणलीय का?” पिशवीतून काढून दिली. त्यांनी बारीक अक्षरांतल्या एका नावाखाली पेनाने रेघ मारली : क्लोबेटासोल. स्टेरॉईड. तेही सर्वांत तीव्र गटातले. इसब किंवा सोरायसिससारख्या हट्टी विकारात, जाड कातडीवर, मोजके दिवस लावायचे औषध एक मुलगी चेहऱ्याच्या नाजूक कातडीवर चार महिने रोज दोनदा चोळत होती.

स्टेरॉईडची ही जादू समजून घेण्यासारखी आहे. हे औषध कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि सूज दाबते. त्यामुळे सुरुवातीला चेहरा गोरा, सपाट आणि नितळ दिसतो. पण आत कातडी पातळ होत जाते. ती इतकी पातळ होते, की खालच्या शिरा दिसू लागतात. पुरळ येते, नको तिथे केस येतात. औषध थांबवले की दबलेली सूज दुप्पट जोराने उसळते आणि माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. या दुष्टचक्रात सापडलेल्या चेहऱ्यासाठी वैद्यकशास्त्रात एक वेगळे नावच पडले आहे आणि ते आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दिले आहे. असे चेहरे त्यांनी इतके पाहिले!

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची विचारपूस झाली. त्यांतले ४३३ जण, म्हणजे सातांतला एक, चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. मैत्रीण, शेजारीण, पार्लर, दुकानदार यांपैकी कुणीतरी सुचवले होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ प्रकारची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा कागदावर आला, पण तालुक्याच्या बाजारपेठेत तो अजून पुरता पोहोचलेला नाही, हे आमच्या घराने अनुभवले.

छिद्र म्हणजे नेमके काय?

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी आम्हाला औषध कमी दिले आणि वेळ जास्त. त्यांनी जे सांगितले, ते घरोघरी सांगण्यासारखे आहे.

चेहऱ्यावरचे छिद्र हा रोग नाही, ते एक दार आहे. कातडीत केसाचे मूळ असते, त्याला लागून तेल पाझरणारी एक बारीकशी ग्रंथी असते, आणि त्या दोघांचे वर उघडणारे तोंड म्हणजे हे छिद्र. आयुर्वेदाचा शब्द किती नेमका आहे पाहा : रोमकूप, केसाची विहीर! चेहऱ्यावर आणि डोक्यावर अशा तैलग्रंथी एका चौरस सेंटिमीटरमध्ये चारशे ते नऊशे असतात. आपण ज्याला ‘केवढे मोठे’ म्हणतो, ते छिद्रही बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच असते. ज्वारीच्या एका दाण्याच्या रुंदीत अशी सात-आठ सहज बसतील. समोर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. ते दिसते फक्त भिंगाच्या आरशाला आणि नाकाशी धरलेल्या मोबाईलला.

मग ते काहींच्या चेहऱ्यावर उठून का दिसते? कारणे मुख्यतः तीन. पहिले, तेल जास्त पाझरणे. वयात येताना शरीरातली संप्रेरके या ग्रंथींना जागे करतात, म्हणून हा प्रश्न नेमका त्याच वयात सुरू होतो. पुरुषांत ही छिद्रे साधारणपणे अधिक ठळक असतात, पण त्यासाठी कुणी मुलाला नाकारल्याचे मी अजून ऐकलेले नाही! दुसरे कारण, कातडीचा सैलपणा. छिद्राभोवतीच्या कातडीला ताण देणारे तंतू वयानुसार आणि त्याहून अधिक उन्हाने झिजतात. पिशवीची नाडी सैल झाली की तोंड मोठे होते, तसेच हे. तिसरे, केसाच्या मुळाची जाडी आणि घराण्याची देणगी. बापाचे नाक मिळाले, तर नाकावरची छिद्रेही मिळणारच.

तारुण्यपिटिकांचे दुखणे काही आजचे नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये मुखदूषिका सांगितली आहे आणि तिला काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ती लगेच पटेल. तेव्हाचे वैद्यही हा आजार ‘क्षुद्र’ म्हणजे लहान रोगांतच धरत होते, हे लक्षात घ्यावे.

आता काही समज. वाफ घेतली की छिद्रे उघडतात आणि गार पाणी मारले की मिटतात, असे आपण सगळ्याच ऐकत आलो. पण या दाराला कडी नाही. छिद्र उघडमीट करणारा स्नायूच तिथे नसतो. वाफेने आत साचलेले तेल मऊ होते, बर्फाने भोवतीची कातडी घटकाभर आवळते, इतकेच. नाकावरचे काळे ठिपके हा मळ नव्हे. छिद्रात साठलेले तेल आणि मृत पेशी यांना हवा लागली की त्या काळपट होतात. म्हणून खरखरीत साबणाने कितीही घासले, तरी ते जात नाहीत. जाते ती वरची कातडी. बाजारातल्या नाकाला चिकटवून ओढायच्या पट्ट्यांनी ते निघतात खरे, पण तीन-चार आठवड्यांत विहीर पुन्हा भरते.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट ही मंडळी स्वयंपाकघरात आणि मोरीत असावीत, चेहऱ्यावर नव्हे. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. लिंबाचा रस तिच्या कितीतरी पट आंबट, आणि सोडा उलट्या टोकाचा. लिंबू लावून आपल्याकडच्या उन्हात गेले, तर काळे डाग पडू शकतात. मुलतानी माती तेल शोषते, तेव्हा आठवड्यातून एखाद्या वेळी लावायला हरकत नाही. मात्र ती तडकेपर्यंत चेहऱ्यावर ठेवून मग खरवडू नये. दिवाळीचे उटणे दिवाळीपुरते गोडच आहे.

अकोल्याचा धडा

स्टेरॉईडचा चेहरा निदान बाहेर दिसतो. काही क्रीम त्याहून आत जातात. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना विकार जडला. कारण काही सापडेना. अखेर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धागा पकडला. तिघीही एकच चेहऱ्याचे क्रीम वापरत होत्या. तपासले, तर त्यात पारा निघाला.

पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. आपल्या देशात प्रसाधनांमध्ये मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. तरीही लेबल नसलेल्या डब्या, ‘बाहेरून मागवलेली’ क्रीमे हातोहात खपतात. जुन्या काळी आरशाच्या मागे पारा लावत. तो तिथेच बरा होता!

म्हणून डबी विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि घटकांची यादी आहे का? ट्यूबवर लाल रेघ किंवा ‘डॉक्टरच्या चिठ्ठीनेच’ अशा अर्थाची सूचना आहे का? आणि यादीत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आहे का? असेल, तर ती प्रसाधनाची वस्तू नव्हे, औषध आहे. ‘आठ दिवसांत फरक’ असे कुणी सांगितले, तर आनंदाऐवजी भीती वाटली पाहिजे. कातडीचा वरचा थर बदलायलाच साधारण चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काम होते ते रंगसफेदीचे.

मग करावे तरी काय?

छिद्रे नाहीशी होत नाहीत, ती होऊही नयेत. पण कमी ठळक दिसू शकतात, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट चेहरा धुण्याची, दिवसातून दोनदा, सौम्य फेसवॉशने. आता लातूरकरांना ‘भरपूर पाण्याने चेहरा धुवा’ असा सल्ला देताना जीभ अडखळते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, ते दिवस अजून कुणी विसरलेले नाही. पण चेहऱ्याला एक तांब्या पुरतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यात साध्या साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा साका कातडीवर बसतो. म्हणून अंगाचा साबण चेहऱ्याला नको. दिवसातून पाच-सहा वेळा धुणेही नको. कातडी कोरडी पडून चुरचुरते आणि दुखणे वाढते.

दुसरी गोष्ट उन्हाची. हे ऐकून माझी वहिनी हसली. रानात खुरपायला जाणाऱ्या बाईने कुठले सनस्क्रीन लावायचे? पण तिनेही दुपारच्या उन्हात पदर कपाळावर ओढलेलाच असतो, आणि एसटी स्टँडवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तो शहाणपणाच आहे. ज्यांना परवडते, त्यांनी ‘एसपीएफ ३०’ किंवा त्याहून अधिक असलेले, तेलकट नसलेले सनस्क्रीन सकाळी लावावे. वयाबरोबर छिद्रे सैल पडू नयेत म्हणून याहून स्वस्त उपाय नाही.

तिसरी, औषधांची. सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळते, म्हणून छिद्रात उतरून साचलेले सैल करते. ते असलेला फेसवॉश किंवा दोन टक्क्यांपर्यंतचे द्रावण एकाआड एक दिवस पुरते. नायसिनामाइड, म्हणजे ‘ब’ जीवनसत्त्वाच्या कुटुंबातले एक द्रव्य, तेल थोडे कमी करते आणि सहसा सोसवते. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली मलमे याहून गुणकारी. ती रात्री, वाटाण्याएवढी, सगळ्या चेहऱ्याला मिळून लावायची, पण डॉक्टरला विचारूनच. गरोदर बाईने किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने ती लावू नयेत. सुरुवातीला कातडी थोडी सोलवटते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मोठ्या शहरांतले लेसर आणि सुयांचे उपचार काहींना उपयोगी पडतात. पण ते महाग असतात, पुन्हा पुन्हा करावे लागतात आणि आपल्या सावळ्या कातडीवर अनाडी हाताने झाले, तर डाग मागे ठेवून जातात.

दोन लहान गोष्टी आणखी. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपणाऱ्या मुलींच्या कपाळावर पुरळ येते, त्यात दोष तेलाचा असू शकतो. आणि चेहऱ्याच्या तेलकटपणाबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर क्रीम शोधत बसू नये. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. दुखणे चेहऱ्याचे नसते, आतले असते.

शिरूरहून लातूरला जायचे, तर एक दिवस मोडतो. मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते. म्हणून कोपऱ्यावरची ट्यूब जवळची वाटते, हे मला कळते. पण लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्वचारोगाची बाह्यरुग्ण तपासणी अल्प खर्चात होते. भाचीने चार महिन्यांत ट्यूबांवर जे घालवले, त्यात अशा दोन-तीन फेऱ्या सहज झाल्या असत्या.

भिंतीवरचे हजार रुपये

भाचीचा चेहरा निवळायला पाच-सहा महिने गेले. तीव्र स्टेरॉईड एकदम तोडता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते पायरी-पायरीने उतरवले. त्या काळात ती कॉलेजला स्कार्फ बांधून जायची आणि घरी आली की आजीजवळ पडून राहायची. एका दुपारी तिने आजीच्या गालावरून बोट फिरवत विचारले, “आजी, तुला कधी वाईट नाही का गं वाटलं?”

आमच्या आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. ती सात-आठ वर्षांची असताना देवी आल्या. तिचा एक भाऊ त्यात गेला, ती वाचली. कपाळापासून हनुवटीपर्यंत खोल खड्डे राहिले. आम्ही लहानपणापासून तो चेहरा पाहिला, म्हणून आम्हाला ते खड्डे कधी दिसलेच नाहीत. आई दिसायची.

“वाटायचं की,” आजी म्हणाली. “दोन ठिकाणचे पाव्हणे बघून गेले. एकानं तर तोंडावरच सांगितलं. मग तुझ्या आजोबाची माय आली. ती म्हनली, पोरगी देवीतून उठली म्हंजे खमकी हाय. तिलाच करा.”

गावागावांतल्या भिंतींवर गेरूने रंगवलेली एक सूचना आमच्या पिढीने वाचली आहे. देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस! ते बक्षीस मागायला पुढे कुणी उरले नाही. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचे जाहीर केले. आता वणांचे चेहरे फक्त म्हाताऱ्यांचे उरले आहेत. काही वर्षांनी तेही नसतील. ज्या कातडीने इतके सोसले, तिच्या नातीने अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रासाठी स्वतःचा चेहरा जाळून घ्यावा, याला काय म्हणावे?

तिला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. आजीला दोन ठिकाणच्या पाहुण्यांनी नाकारले. नातीला रोज हातातला मोबाईल नाकारतो. तो आधी चेहरा नाकाशी धरून मोठा करून दाखवतो आणि मग एका बटणावर त्याच चेहऱ्याची सगळी छिद्रे पुसून दाखवतो. पुसलेला चेहरा खरा आणि आपला खोटा, असे एकोणीस वर्षांच्या मुलीला वाटले, तर नवल नाही. तिला सांगायला हवे होते आम्ही, घरच्यांनी. आम्ही मात्र “तुझी बारी आली” म्हणत होतो.

यंदा पुन्हा दिवाळीला माहेरी गेले. भाचीच्या नाकावर ते ठिपके आहेत तसेच आहेत. ती आता सकाळी एक तांब्या पाण्याने तोंड धुते, सनस्क्रीन लावते आणि पुस्तक उघडते. भिंगाचा आरसा कुठे दिसेना, म्हणून विचारले, तर तो आजीकडे निघाला. ओसरीत उन्हाला बसून आजी त्यात बघत होती. हातात चिमटा. हनुवटीवरचा एकच पांढरा केस तिला कित्येक दिवस सापडत नव्हता.

“चांगला हाय गं हा आरसा,” ती म्हणाली, “कामापुरता.”